रस्त्याकडे, भिंतीकडे

आमच्या ह्यांना सगळी गल्ली 'सावकाश' म्हणते. जाम झालेला बोल्ट दिसला की बाकीचे मेकॅनिक पान्याला लांब पाइप लावतात, दातओठ खात ओढतात आणि बोल्टचं डोकंच उडवतात. मग तीच मोटरसायकल ढकलत आमच्या दारात. हे आधी डिझेल सोडणार, हातोडीनं टकटक करणार, बोल्ट उलट जरासा आवळणार आणि मगच सोडवणार. गिऱ्हाईक घाईला आलं की म्हणणार, "सावकाश. पंधरा वर्षं बसलाय तो, उठायला वेळ लागणारच." गंजलेला बोल्ट म्हणजे यांच्या हातचा मळ.

आणि या माणसानं एका महिन्यात तीन मोडले!

पहिल्या वेळी मी म्हटलं, बोल्टच कुजका असेल. दुसऱ्या वेळी चष्मा बदलायला लावला. तिसऱ्या वेळी मी तिथंच उभी होते. हे पाना लावून नुसते बसलेले. म्हटलं, "अहो, डुलकी लागली का?" तर हळूच विचारतात, "अगं, सोडवायचं म्हणजे कुठल्या बाजूला?"

मला वाटलं, थट्टा करतायत. सवयच आहे मेली. मी म्हटलं, "मला काय विचारता, त्या बोल्टला विचारा." यांनी मान डोलावली, जोर लावला आणि बोल्ट कट्‌कन तुटला. तेव्हा यांचा चेहरा बघितला आणि कळलं, ही थट्टा नव्हती.

बरं, बाकी सगळं जिथल्या तिथे! कुठल्या गाडीचा कुठला नट, कुणाची गाडी कधी पडली, माझ्या माहेरच्यांनी लग्नात काय काय कमी केलं, सगळं तोंडपाठ. मग नेमकं डावं-उजवंच कुठं सांडलं? मी विचार करकरून थकले. डॉक्टरांकडे चला म्हटलं तर अडून बसले. "त्यांनी काम बंद करायला सांगितलं तर? मग मी दिवसभर कोण म्हणून बसू गं?" मलाही भीती वाटत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही विषय तिथंच सोडला.

मग आम्हीच एक युक्ती काढली. हे नेहमी एकाच जागी, एकाच दिशेला तोंड करून बसायचे, डावीकडे रस्ता, उजवीकडे भिंत. पाना बोल्टवर उभा लावायचा, दांडा वर. सोडवायचं असेल तर दांडा रस्त्याकडे ओढायचा, आवळायचं असेल तर भिंतीकडे. दुसऱ्या अंगाचं काम असलं की यांनी हलायचं नाही, आम्ही गाडी फिरवायचो. मी निवडण-टिपण घेऊन मागं बसायची आणि खोकल्यासारखं करून सांगायची, "रस्त्याकडे." दोन महिने कुणाला पत्ता लागला नाही. मला तर उगाच वाटायला लागलं, निभावलं आपण.

मग दवाखान्यातल्या नर्सबाईंची गाडी आली. खालचा आरपार बोल्ट गंजून चिकटलेला. तो फिरवताना पलीकडचा नट कुणीतरी धरायला हवा, म्हणून मी दुसरा पाना घेऊन पलीकडे जाऊन बसले. दोन दिवस डिझेल पाजलं होतं. हे म्हणाले, "सांग." मी ठसक्यात म्हटलं, "रस्त्याकडे!"

कट्‌.

मी वाकून बघते तर काय, वर सायलेन्सर आडवा येत होता, म्हणून यांनी पाना खालून लावलेला. दांडा खाली! दांडा खाली असताना रस्त्याकडे ओढलं की बोल्ट सुटत नाही, आवळला जातो. मला पलीकडून दिसलं नाही, आणि यांना दिसूनही कळलं नाही. तीस वर्षं हा संसार केला, आणि दांडा वर आहे की खाली, एवढं साधं विचारायचं मला सुचलं नाही. स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

संध्याकाळी नर्सबाई आल्या. हे उठून उभे राहिले, हात पुसत म्हणाले, "बाई, बोल्ट मोडला. माझ्या हातून चूक झाली."

"नाही हो," माझ्या तोंडून निघूनच गेलं. "मी चुकीचं सांगितलं."

नर्सबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "तुम्ही? तुम्ही यांना काय सांगता?"

आता बोला! हे फडकं चोळत राहिले. बाईंनी पिशवी खाली ठेवली, यांच्या समोर आल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काका, तुमचा उजवा हात वर करा बघू."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, तशी बाईंनी मागं न बघताच मला हातानं थांबवलं. हे थोडा वेळ आपल्या काळ्या बोटांकडे बघत राहिले. एक हात उचलला, परत खाली घेतला.

मग त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "यातलाच एक आहे."