दार राखणारे बंदरआजोबा

बंदरआजोबा दाराकडे पाठ करून कधी बसत नसत. जर्मनीत एर्लांगेनला मुलाच्या घरी त्यांची खुर्ची खिडकीपाशी असे, आणि खोली तापवणाऱ्या हायत्सुंगला मागे टाचा टेकवून ते दिवसभर दार राखत. मी वरच्या खोलीत भाड्याने राहायचे. आमच्या घरातून विद्यापीठात आलेली मी पहिलीच. पहिल्या भेटीत त्यांनी विचारलं, "पोरी, तुझ्या मागे कोण आहे?"

"कोणी नाही."

"मग मागे बघत जा."

त्यांचे वडील इंग्रजांच्या पलटणीत, पूर्वेकडच्या एका बंदराच्या पहाऱ्यावर होते. जेवणं झाली की आजोबा टेबलावर ते बंदर मांडायचे, म्हणून ते बंदरआजोबा. पाण्याची ताटली म्हणजे समुद्र. चमच्यांच्या तोफा, सगळ्यांची तोंडं पाण्याकडे. मागे नॅपकिनचा डोंगर, त्यापलीकडे परक्या मुलखाची हद्द.

"ओपा, परत युद्ध?" नातू जर्मनमध्ये कुरकुरायचा.

"शत्रू समुद्रातून आलाच नाही रे. डोंगर उतरून आला. तोफा वळवेपर्यंत माझा बाप कैदेत." मग एकेक चमचा ते सावकाश उलटा करत. "सुटून आला, पण दाराकडे पाठ करून परत कधी जेवला नाही."

तब्येतीवरही त्यांचा असाच पहारा होता. बायपास झाल्यापासून सगळं लक्ष छातीकडे. मधुमेहाचं नाव काढलं की म्हणायचे, "ती जुनी शेजारीण. काही करत नाही."

त्या हिवाळ्यात एकदा सूनबाई म्हणाल्या, "बाबा, कसला वास येतोय?"

"मोजे वाळत असतील."

मी खाली वाकले. टाचेपाशी मोजा काळा, ओला झाला होता. हायत्सुंगला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"आजोबा, चटका बसत नाही?"

"छे गं. ऊबच लागेना, म्हणून तर वाढवून घेतलंय."

सूनबाईंनी मोजा उतरवला. आजोबांनी पायाकडे पाहिलं नाही, सूनबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

मधुमेहाने बधिर झालेला तो पाय हॉस्पिटलात काढला, पण तोवर विष रक्तात गेलं होतं. मी भेटायला गेले, तेव्हा त्यांनी कॉट दारासमोर घ्यायला लावली होती. मी समोर बसू लागले, तर म्हणाले, "दार मी बघतो. तू मागे बस."

त्यांना काय वाटत होतं, मला नीट सांगता येणार नाही. मी उशाशी बसले. तिथे नुसती खिडकी होती, बाहेर बर्फात सायकली. तरी मी नजर हलवली नाही.

ते गेले तेव्हा दारातून कोणीच आलं नव्हतं.