वरच्या मजल्यावरची मोसंबी

पुण्याहून तेलुगू मुलखात, तारनाक्याला राहायला आले आणि पहिल्याच आठवड्यात मी वरच्या मजल्यावर भांडायला गेले. माझं काम घरून, सकाळपासून मीटिंगा, आणि डोक्यावर दिवसातून तीनदा खडखड खडखड चाकं फिरायची. सकाळी हॉलवर, दुपारी स्वयंपाकघरावर, चार वाजता बेडरूमवर. दोन खणखणीत पुणेरी वाक्यं मनात घोकून मी बेल दाबली.

दार उघडलं ते ठेंगण्याशा, पांढऱ्या केसांच्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाईंनी. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "हळू बोल गं बाई. पेशंटला उन्हात न्यायलेय."

मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असणार आणि मी आलेय भांडायला! त्यांनी मला आत बोलावलं. बघते तर चाकांच्या स्टुलावर एक कुंडी, आणि कुंडीत माझ्या कमरेएवढं झाड. "मोसंबी," त्या कौतुकानं म्हणाल्या. "इथं बत्तायी म्हणतेत. तिला दिवसभर ऊन लागतं आणि आपलं ऊन हिंडतं खोल्या-खोल्यांतून. मग पेशंटला फिरवावंच लागतंय की." भांडण राहिलं बाजूला. मी चहा पिऊन खाली आले.

त्या कमलमावशी वाघमारे. मूळच्या जालन्याकडच्या. तीस वर्षं इथल्या एका दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होत्या. नवरा वारलेला, लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला. रिटायर झाल्या, पण वॉर्ड सुटला नव्हता. खिडकीत लिंबाच्याही दोन कुंड्या होत्या, त्यांना त्या "ओपीडी" म्हणत. ॲडमिट फक्त मोसंबी. सकाळी मातीत बोट पेरभर खुपसायचं. ओली लागली तर पाणी नाही, कोरडी लागली तर तांब्याभर. पानं ओल्या फडक्यानं पुसायची. फुलं आली की रंगाचा मऊ ब्रश घेऊन या फुलातून त्या फुलात फिरवायचा. मी हसले, तर म्हणाल्या, "हस, हस! तिसऱ्या मजल्यावर मधमाशी काय लिफ्टनं येनार हाय?"

एवढा जीव का, ते त्यांनी एकदा शेंगा सोलता सोलता सांगितलं. त्यांची आई लोकांच्या मोसंबीच्या बागेत मजुरीला जायची. "जलमभर तोडल्या, टोपल्या भरल्या. झाड मातर आमचं एक बी नव्हतं. तवापासून माझ्या डोक्यात हाय, आपल्या घरात आपल्या झाडाला एक तरी लागावी." कलम आणून चार वर्षं झाली होती. फुलं यायची नि गळायची. त्या वर्षी मात्र पाच फळं धरली, बोराएवढी, हिरवीगार. मावशी त्यांची सकाळ-संध्याकाळ हजेरी घ्यायच्या.

नेमकं तेव्हाच त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. नंतर महिनाभर लेकीकडे मुक्काम. किल्ली माझ्या हातात आली. दुसऱ्याच दिवशी मी घाईघाईनं फोन केला, "मावशी, आज तांब्याभर पाणी घातलंय. अजून?" पलीकडे त्यांना ऑपरेशनला न्यायची गडबड चाललेली. त्या ओरडल्या, "चालू, चालू!"

चालू तर चालू. मी रोज तांब्याभर पाणी घातलं, उन्हाचा ताव वाढला तसे दोन. तिसऱ्या आठवड्यात पानं पिवळी पडली. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. आणखी घातलं.

महिन्यानं मावशी काठी टेकत आल्या. झाडाखाली पानांचा सडा. त्यांनी मातीत बोट घातलं, नाकाशी नेलं आणि शांतपणे विचारलं, "इतकं पाणी कोन सांगितलं?"

"तुम्हीच! चालू म्हणालात ना?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग खुर्चीत बसून अशा हसल्या, अशा हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं येडे, तेलुगूत चालू म्हंजे पुरे! तीस वर्षं पेशंटांचं ऐकून माझ्या बी तोंडात तेच बसलंय. पुरे कर म्हनले मी, आन् तू नळ सोडलास!"

मला हसू येईना. मला रडू फुटलं. त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "रडनं नक्को. आधी बाळंतीन वाचवू." वर्तमानपत्रं पसरून आम्ही झाड उपसलं. मुळं काळी, बुळबुळीत. सडकी तेवढी कापली, कोरड्या मातीत वाळू मिसळून पुन्हा लावलं. मग त्यांनी कात्री माझ्या हातात दिली. पाचही फळं काढायची होती. झाडाला आता त्यांचं ओझं पेलणार नव्हतं. मी एकेक फळ कापत होते, आणि मावशी फळांकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या. तेव्हा मला स्वतःची लाज वाटली.

मला वाटलं, आता किल्ली परत मागतील. तर उलटंच. "रोज सकाळी बोट तू घालायचंस," त्या म्हणाल्या. "वॉर्डात नव्या पोरीचं काही चुकलं की मी तिला त्याच पेशंटपाशी बसवायची. चुकलेला हात जास्त जपतो." पुढचं वर्षभर ऑफिसच्या मीटिंगआधी माझं बोट मातीत असे. स्टूल ढकलायचं कामही माझंच. आता माझ्या डोक्यावर मीच खडखड करत होते!

पुढच्या फुलोऱ्यात ब्रश मी फिरवला. दोन फळं धरली, एक गळालं. उरलेलं दिवाळीपर्यंत मुठीएवढं झालं.

मावशींनी ते स्वतः तोडलं. सुरी घेतली नाही, नखानं सोललं. मग फोड तोंडात घालायचं सोडून बोटंच नाकाशी धरून बसल्या.

"संध्याकाळी आई घरी यायची ना," त्या म्हणाल्या, "तवा तिच्या हाताला हाच वास असायचा. नुसता वास. हातात फळ कधीच नसायचं."

मग त्यांनी अर्धी मोसंबी माझ्या हातावर ठेवली, एक फोड स्वतःच्या तोंडात टाकली आणि तोंड वाकडं करून खदखदा हसल्या.

"पानचट हाय गं पार! खा, खा. आपल्या घरची हाय."