थांबल्यापुढचं

कामरगावला, माझ्या गावी, पियानो वाजवायला मी हो म्हटलं ते निव्वळ भीतीपोटी. घाबरलेली माणसं घरी बसतात, हे मला मान्य आहे. पण तेव्हा घरी बसले असते तर कायमचीच बसले असते.

झालं होतं ते एवढंच. गेल्या हिवाळ्यात जर्मनीतल्या एका लहान शहरात माझं एकटीचं पियानोवादन होतं. एकट्याने वाजवताना समोर कागद ठेवायचा नाही, सगळं पाठ वाजवायचं, असा आमच्यात रिवाज आहे. पंधरा वर्षं मी तो बिनबोभाट पाळत आले. त्या संध्याकाळी सोनाटाच्या, म्हणजे अनेक भागांच्या एका लांब रचनेच्या, दुसऱ्या, संथ भागात अचानक डोकं कोरं झालं. पुढचा सूर नाही, मागचाही नाही. हात पट्ट्यांवर, आणि ते दुसऱ्याच कुणाचे असावेत तशी मी त्यांच्याकडे बघतेय. शेवटी उठले, वाकून नमस्कार केला आणि आत निघून गेले.

घरी फोनवर सांगितलं, "मस्त झाला कार्यक्रम." बाबा म्हणाले, "बेस झालं, बाई."

त्यानंतर ती जागा जवळ आली की माझे हात गार पडायचे. कुणी ऐकत नसतानासुद्धा. मुंबईत पुढच्या महिन्यात हीच सोनाटा वाजवायची होती आणि संयोजकांच्या दोन मेलना मी उत्तर दिलेलं नव्हतं. तेवढ्यात गावातून बोलावणं आलं. मनाशी म्हटलं, तिथं वाजवून बघू. चुकलं तरी तिथं कुणाला कळणार आहे? जमलं तर मुंबईला होकार, नाही तर पियानो बंद. माझा उर्मटपणा बघा, "कुणाला कळणार आहे" म्हणे.

बाबा शाळेत शिपाई होते आणि बुद्धविहारातल्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचे. मी शिकले ती त्यांच्याच कीबोर्डवर. पुढे पुण्याला पियानो शिकवणाऱ्या बाई भेटल्या, शिष्यवृत्ती मिळाली, परदेश झाला. त्या हलक्या पट्ट्यांवरून पियानोच्या जड पट्ट्यांवर जाताना माझी बोटं वर्षभर रडली. बाबांना लिहिलेलं संगीत वाचता येत नाही. त्यांचा सगळा कारभार कानाचा.

विहारामागच्या पत्र्याच्या सभागृहात कार्यक्रम होता. अमरावतीहून टेम्पोने डिजिटल पियानो आणलेला. लाइट गेली तर काय, हे मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा मंडळाचे अध्यक्ष वैतागले. "ताई, इन्व्हर्टर हाये म्हटलं ना. तुमी कायले भेता?" कायले भिते ते त्यांना कुठून सांगू?

प्रतिमांना हार घातले, वंदना झाली आणि मी बसले. पहिला भाग नीट गेला. दुसरा सुरू केला. ती जागा अजून बरीच लांब होती, तरी ती येतेय हे मला बोटांच्या टोकांत जाणवत होतं. एवढ्यात बाहेर जीप थांबली आणि माइक किंचाळला.

"आपले प्रमुख पाहुणे आताच पोहोचले आहेत. दोन मिनिटं कार्यक्रम थांबवून त्यांचा सत्कार करू."

यात कुणाचीच चूक नव्हती. गायन पार्टीत हे नेहमीचंच. पाहुणे आले की गाणारा थांबतो, शाल-पुष्पगुच्छ होतो, आणि तोच अंतरा पुन्हा उचलला जातो. पुष्पगुच्छ तर त्यांनी माझ्याच हातून द्यायला लावला. मग अध्यक्ष प्रेमाने म्हणाले, "हं ताई, करा चालू. तिथूनच."

तिथूनच म्हणजे कुठून? मी बसले आणि डोक्यात काहीच नव्हतं. म्हटलं, पहिल्यापासून घेऊ, तर सुरुवातसुद्धा गेलेली. कानात नुसता पंख्याचा आवाज. पाठीवरून घाम निथळत होता. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "काहून थांबली वं ही?" मागून कुणी तरी विचारलं, "लाइट गेली काय?" मला रडू फुटायच्या बेतात होतं. संपलं, आणि तेही आपल्याच माणसांसमोर संपलं, एवढंच मनात होतं.

मग चपला काढल्याचा आवाज आला. बाबा मंचावर चढून माझ्या उजव्या बाजूला उभे राहिले. त्यांनी एका हाताने तो संथ भाग वाजवायला घेतला. बोटं आडवी ठेवून, गायन पार्टीत चाल सांगतात तसा, साधा. सत्कारासाठी मी जिथं थांबले होते त्या सुरावर येऊन त्यांनी बोट दाबून ठेवलं.

"धर. इथून धर," ते म्हणाले.

माझ्या डाव्या हाताने धरलं. ती जागा आली आणि गेली. मी शेवटच्या सुरापर्यंत घाबरलेलीच होते, दोन ठिकाणी चुकलेही. बाबा शेवटपर्यंत हलले नाहीत.

घरी चहा पिताना मी विचारलं, "तुमाले हे कसं येते? मी तं घरी कधीच वाजवलं नाही."

त्यांनी मोबाइल काढून समोर धरला. जर्मनीतला तोच हॉल, त्याच कपड्यांत मी. तो कार्यक्रम इंटरनेटवर थेट दाखवला होता आणि नंतरही तिथंच ठेवला होता, हे मी विसरूनच गेले होते.

"लय खेपा आयकलं. तू थांबली ना, तिथपर्यंत सारं पाठ हाये."

"मंग मले बोलले काहून नाही?"

"तू म्हणली मस्त झालं. मी काय बोलू?" त्यांनी बशी खाली ठेवली. "त्याच्या पुढचं तेवढं मालूम नोतं. आज वाजवलं तू, पण मी लय भेलो होतो. धड आयकूच नाही आलं. एक खेप अजून वाजवतं काय?"

मी उठून त्यांचा जुना कीबोर्ड मांडीवर घेतला. हात अजून गारच होते. मुंबईला होकार मी दुसऱ्या दिवशी सकाळी कळवला.