आत्यानं उपटलेला झेंडू

जेटीखाली तो परदेशी शिंपला आहे का?

खरं सांगते, मला माहीत नाही.

आत्या जाऊन आज वर्ष झालं. मी गावाकडं, कनेरगाव नाक्याजवळच्या आमच्या घरी नाही. कोकणात, लॅबमध्ये आहे.

काम असं: समुद्राचं पाणी फिल्टरमधून गाळायचं, त्यातला डीएनए तपासायचा. शिंपला डोळ्यांना दिसला नाही तरी पाण्यात त्याची खूण सापडते. हा जहाजांच्या बुडाला चिकटून येतो. एकदा बसला की इथल्या शिंपल्यांना जागा उरत नाही.

आत्याला फोनवर हेच सांगितलं होतं.

"म्हंजे पानी गाळून राहिली?"

"व्हय."

"घरातली पहिली ग्रॅज्युएट, आन् पानी गाळून राहिली! ते तर मी बी करते, माय."

आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. दुसऱ्याच्या रानात खुरपून आली की आमच्या बांधावर थांबायची, लुगडं झटकायची, मगच आत पाय ठेवायची. गाजरगवताचं बी येऊ नये म्हणून. बाया हसायच्या.

एका वर्षी तिनं माझी झेंडूची कोवळी रोपंच गाजरगवत समजून उपटली. सगळी! दसऱ्याला दाराला तोरण नाही.

मी रडून घर डोक्यावर घेतलं. "काहून उपटली? इचारायचं तरी!"

"इचारत बसले असते, आन् गाजरगवतच निघालं असतं तर? झेंडू परत लावता येतो गं."

परवा जेटीच्या पाण्याच्या एकाच नळीत खूण दिसली. बाकीच्या कोऱ्या.

लॅबचे सर म्हणाले, "पुन्हा सॅम्पल घे, मग बोलू. चुकलं तर बोटवाल्यांची कामं उगाच थांबतील. तुझ्यावर पुन्हा कोण विश्वास ठेवेल?"

बरोबर आहे त्यांचं. नळी माझ्याच हातानं खराब झाली असेल. बोटवाल्यांचं नुकसान म्हणजे झेंडू नव्हे, हेही कळतं.

पण समुद्र खवळलाय. नवं सॅम्पल मिळेपर्यंत शिंपल्यानं पिल्लं सोडली तर?

दसऱ्याचं ते रिकामं दार सारखं डोळ्यांपुढे येतं.

आज सकाळी सरांपुढे उभी राहिले. "सर, बंदराला इशारा माझ्या नावानं जाऊ द्या."

ते म्हणाले, "खात्री नाही, हे पहिल्या ओळीत लिही."

लिहिलं. खाली लिहिलं, समुद्र निवळताच पाणबुडे उतरवा, तोवर इथल्या बोटी दुसऱ्या बंदरात नेऊ नका. आणि बंदराच्या ऑफिसला मेल पाठवला.

आत्या, तुला नमस्कार.

उपटलंय. झेंडू निघाला, तर शिव्या मी खाईन.