मधुवंतीचं गाणं सुटलं त्याची गोष्ट

केशवापुरातल्या एका शाळेत मुलींना खो-खो शिकवणाऱ्या मधुवंतीबाईंनी शिट्टी फुंकली की बाहेरचे रिक्षावाले दचकतात. पण बाईंना व्हायचं होतं गायिका. म्हणजे ही हौस बाईंची नव्हे हो, त्यांच्या अप्पांची!

अप्पा म्हणजे वीज खात्यातले शेषगिरी. घर शेजारच्या उणकलला, पण माणूस हाडाचा धारवाडकर, गवयांच्या गावचा. मुलगी झाली तेव्हा बारशाआधीच त्यांनी रागाचं नाव ठरवून टाकलं. धारवाडकराच्या घरी जन्मायचं आणि गायचं नाही, ही काय चेष्टा आहे? सहाव्या वर्षी तिला बाळाचार्य मास्तरांपुढे बसवलं. पोरीच्या गळ्यात सूर म्हणाल तर औषधालाही नाही! मास्तर भले गृहस्थ. "आवाज मोठा आहे हो हिचा," एवढंच म्हणत. अप्पा तेवढंच अख्ख्या उणकलला सांगत सुटत.

सातवीत मधू शाळेच्या खो-खो संघात गेली. मैदानात तिला शिवणं कुणाच्या बापाला जमेना. मग खेळाच्या सरांनी ठणकावलं, "रविवारी सकाळी सरावाला यायचं, नाहीतर नाव कापतो." रविवारी सकाळी तर गाण्याचा क्लास. आली का पंचाईत!

"अप्पांना सरळ सांग की," आई म्हणाली.

"तू सांग."

"मी? नको गं बाई. त्यांचं तोंड एवढंसं झालेलं मला नाही बघवत."

मधूलाही बघवत नव्हतं, तेच तर दुखणं होतं. मग तिने डोकं चालवलं. गुरुपौर्णिमेला मास्तरांच्या घरी सगळी मुलं गाणार होती. तिथे मुद्दाम इतकं भयानक गायचं, की अप्पांनी स्वतःच हात जोडून म्हणावं, पुरे!

गायली. अय्यय्यो, काय गायली! तंबोरा एकीकडे, ही दुसरीकडे. पेटीवाल्याने हात आखडते घेतले. मास्तरांनी डोळे मिटले ते उघडलेच नाहीत. आणि अप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वाह! आज जमलं बघ मधू, आज जमलं!"

तेव्हा कुठे पोरीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या माणसाला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं.

परतताना अप्पांनी तळ्याकाठी स्कूटर थांबवून कौतुकाने चुरमुऱ्यांचं गिरमिट घेऊन दिलं. तिने पुडी तशीच त्यांना परत दिली.

"अप्पा, मला गाता येत नाही. आज तर मी मुद्दाम वाईट गायले. तुम्हाला कळलंसुद्धा नाही." तिला रडूच फुटलं. "मला खेळायचंय, अप्पा."

अप्पांनी गिरमिटाची पुडी मिटून स्कूटरवर ठेवली.

"कुठून कळणार गं?" ते म्हणाले. "तुझ्याएवढा असताना मीही गेलो होतो शिकायला. तिथल्या मास्तरांनी सगळ्यांसमोर उठवलं. तुला सूर नाही, घरी जा म्हणाले. पोरं हसली. फार लागलं बघ. वाटलं, माझ्या पोरीला तरी कुणी उठवू नये."

"मला कुणीच उठवलं नाही, अप्पा," मधू नाक पुसत म्हणाली. "माझी मीच उठतेय."

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं. मग स्कूटर मास्तरांच्या घराकडे वळवली.

"बस मागं. सांगून येऊ."

"काय सांगणार?"

"आमच्या मुलीला वेळ नाही म्हणून सांगतो!"