कृपया फिकट रंगात यावे

आमच्या माहेरच्या मंडळींचा एक गुण आहे. लग्न एका दिवसात उरकतं, पण त्याचे किस्से वर्षभर पुरतात, आणि दर वेळी सांगताना थोडे फुगतात. माझ्या भाचीचं, मुक्ताचं लग्न तर लुका नावाच्या इटालियन मुलाशी थेट इटलीत झालं, तळ्याकाठी, भर जूनमध्ये. आम्ही नागपूरचे मोजके लोक गेलो होतो. किस्से मात्र एवढे घेऊन आलो की कस्टमवाल्यांनी अडवलं कसं नाही, याचंच नवल!

सुरुवात पत्रिकेपासूनच झाली. तिच्यात मुहूर्ताच्या आधी कपडे होते! रंग पेस्टल, म्हणजे फिकट. कापड हलकं. जरी नको, भडक नको, टोकदार हील्स नकोत. वर मुक्ताचा मला वेगळा फोन. "आत्या, लुकाच्या घरचे फार टिपटॉप असतात गं. आपल्या लोकांना कुणी हसलं ना, तर मी तिथेच रडेन."

मला असा राग आला! आम्ही काय हसण्यासारखे आहोत? पण पोरीचा आवाज कापत होता. म्हटलं, बाई, तू म्हणशील ते घालू.

*

नवरीची आई, आमची शोभावहिनी, हिच्या कपाटात फिकट रंगाचा एक रुमालही नाही. तिला घेऊन मी सदर बाजारात साड्यांच्या दुकानात गेले. सेल्समननं सवयीनं राणी कलर, तोतापंखी असं सगळं पसरलं.

"हे नको. फिकट दाखवा. जरी नको, काठ नको."

त्यानं बदामी रंगाची एक साडी काढली. "यह चलेगी? वैसे प्रोग्राम क्या है?"

"मुलीचं लग्न आहे," वहिनी म्हणाली.

तो थबकला. इकडेतिकडे बघून आवाज खाली आणत म्हणाला, "भाभीजी, लगन मर्जी से हो रहा है ना?"

*

पत्रिकेत चपलांचाही सल्ला होता. हिरवळीवर रुतू नयेत म्हणून जाड टाचेच्या घ्या. मी घेतल्या. आता त्या घालून चालायचं कसं? रोज सकाळी बेसा भागातल्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रॅक्टिस सुरू केली, एका हातानं गाड्या धरत धरत.

दोन दिवस शेजारच्या काकूंनी गॅलरीतून नुसतं पाहिलं. तिसऱ्या दिवशी खाली आल्या आणि माझा दंड धरला. "काहून अंगावर काढून राहिली वं? धंतोलीत हाडाचा चांगला डॉक्टर आहे आमच्या ओळखीचा. आजच दाखवून घे!"

*

मुक्ताचे बाबा, म्हणजे माझा दादा. त्याचं धंतोलीत औषधांचं दुकान आहे. न मागता सल्ला देणं हा त्याचा मुख्य धंदा, गोळ्या विकणं हा जोडधंदा. व्हिडिओ कॉलवर मुक्ता त्याला समजावत होती, "बाबा, हलके कपडे आणा. इकडे जूनमध्ये खूप गरम होतं."

"किती?"

"सव्वीसपर्यंत जातं!"

इकडे आमच्याकडे पंखा, कूलर दोन्ही चालू होते, तरी सगळे घामाघूम.

"बाप्पा!" दादा म्हणाला. "सव्वीसले तं आपण गिझर लावतो! शोभा, माळ्यावरून रजया काढ!"

*

आमच्या ह्यांनी लिननचा सूट शिवला. बॅगा सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबीरवडीच्या, पिठानं आणि लोणच्यानं भरलेल्या, त्यामुळे सूट अंगावर घालूनच निघाले. बेल्टचा दिवा विझला की हे उठून उभे! हवाईसुंदरी तीनदा येऊन विनवून गेली. शेवटी तिनं विचारलं, तब्येत ठीक आहे ना?

"तब्येत फर्स्ट क्लास आहे मॅडम," हे म्हणाले, "पर बैठा की प्रेस जाती है!"

सुजलेल्या पायांनी पण कडक इस्त्रीत हे इटलीत उतरले. विमानतळावर मुक्तानं ह्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "काका, एवढं कडक? अहो, लिनन चुरगळलेलंच छान दिसतं. तीच तर फॅशन आहे!"

हे मटकन बॅगेवर बसले. "मग हे मले नागपुरात काहून नाही सांगतलं?"

*

लग्नाच्या सकाळी मुक्तानं आम्हाला हॉटेलच्या गच्चीवर ओळीत उभं केलं. शाळेत नखं तपासतात तशी तपासणी! माझ्या हिरव्या बांगड्या उतरल्या. वहिनीचा गजरा अर्धा झाला. दादा फिकट निळ्या सुटात उभा होता, हात कुठे ठेवावेत ते न कळून. मुक्तानं त्याचा टाय सरळ केला आणि म्हणाली, "बाबा, आज तुमच्याकडे बघून कुणी काही म्हणूच शकत नाही."

दादा नुसताच हसला. मला मात्र वाईट वाटलं. ज्या माणसाच्या खांद्यावर बसून ही पोर फुटाळा तलावावर फिरायला जायची, त्याच्याकडे बघून कोण काय म्हणणार होतं? पण लग्नाच्या दिवशी कुठे तोंड उघडायचं!

*

आम्ही सगळे बदामी, अबोली, आकाशी होऊन तळ्याकाठी खुर्च्यांवर बसलो. एकाचीही घडी वाकडी नाही. मुक्ताचा जीव भांड्यात पडला. आता फक्त लुकाच्या घरच्यांची वाट होती.

ते आले. तीस-चाळीस माणसं, रांगेनं. झाडून सगळ्यांची डोकी आणि तोंडं कापडात घट्ट गुंडाळलेली, वर काळे गॉगल! मे महिन्यात दुपारी आपल्या पोरी स्कूटीवर निघतात, अगदी तश्शी! कुणाचा रेशमी स्कार्फ, कुणाची ओढणी. एका आजोबांनी तर चक्क हॉटेलचा टेबलक्लॉथ बांधला होता.

"अवं बाई, डाकू होय का काय?" वहिनीनं माझा हात धरला.

मुक्ता पांढरीफटक पडली. "बाबा..."

"अवं, विहीणबाईनं काल मोबाइलवर भाषांतर करू करू विचारलं," दादा म्हणाला. "उन्हाळ्याच्या लग्नात तुमच्याकडचे पाव्हणे काय घालतात? आम्हाले तुमच्यासारखंच यायचं आहे म्हणे. सगळ्याईले वाटते, तुम्हाले परकं वाटू नाही. तं मी खरं ते सांगतलं. उन्हाळ्यात कोणाले खोटा सल्ला देऊ काय?"

तेवढ्यात लुकाची आई, पाओलाबाई, पुढे आल्या. घामानं डबडबलेल्या. त्यांनी तोंडावरचा स्कार्फ खाली ओढला, मुक्ताच्या गालाला गाल लावला. मग मोत्यांची पर्स उघडून त्यातून, ऊन लागू नये म्हणून आपण खिशात ठेवतो तसा, एक कांदा काढला आणि इंग्रजीत काळजीनं विचारलं, "हा नवरीजवळही लागतो ना?"

मुक्तानं दादाकडे पाहिलं. त्या रांगेकडे पाहिलं. कांदा घेतला, लेहेंग्याच्या कमरेला खोचला आणि नाक पुसत ओरडली, "चला ना गा बाबा, मुहूर्त टळून राहिला!"