थोकोच्या मक्यातलं पाणी

कॅनडातल्या आमच्या कनाटा गावच्या जयंतीताई आयुष्यभर जमिनीखालचं पाणी शोधत आल्या, पण कागदावर. नागपूरहून आलेल्या या भूवैज्ञानिक बाईंनी ओटावातल्या सरकारी ऑफिसात भूजलाचे नकाशे करण्यात उमेदीची वर्षं घालवली. नकाशावर पाणी निळं असतं. स्वप्नातही त्यांना ते तसंच दिसायचं, दगडांच्या फटींतून सावकाश, आवाज न करता चाललेलं.

२००६ साली रिटायर झाल्यावर त्या एका छोट्या संस्थेबरोबर मलावीतल्या खेड्यात बोअर घ्यायला निघाल्या.

"या वयात?" त्यांच्या यजमानांनी, राजनरावांनी, विचारलं.

"ओंजळीत घेऊन पाहायचंय हो एकदा. नकाशातलं पाणी कुणाला पिता येत नाही."

राजनराव बेसमेंटमधून बॅग वर घेऊन आले.

त्या गावात बायका आटलेल्या नदीच्या वाळूत खड्डे करायच्या आणि झिरपेल तेवढं गढूळ पाणी वाटीवाटीनं भरायच्या. पोरं सारखी आजारी. जयंतीताईंनी दाखवलेल्या पहिल्या जागी नुसती धूळ निघाली. दुसऱ्या जागीही तेच. मशीनचा ट्रक सकाळी पुढच्या गावी जायचा होता. आता एकच जागा मनात होती, पण ती थोको नावाच्या विधवेच्या शेतात होती, आणि मका कंबरेइतका वाढला होता.

थोकोला थोडं इंग्रजी यायचं. "तिथे पाणी आहे?" तिनं विचारलं.

हो म्हणायचा मोह झाला. "वाटतंय," जयंतीताई म्हणाल्या, "पण खात्री नाही. दोनदा चुकलेय मी."

थोको शेताकडे बघत राहिली. मग कोयता घेऊन आली आणि ट्रकपुरती वाट स्वतःच कापू लागली. जयंतीताई मागून हिरवी ताटं उचलत गेल्या.

त्यानंतरचं सगळं त्यांना धूसरच आठवतं. मशीनची घरघर, उन्हात तरंगणारी लाल धूळ, आणि आपण खोल कुठेतरी बुडालोय असा संथपणा. मग ती धूळ ओली झाली. चिखल उसळला, त्यामागून पाणी. "मादझी," थोको हळूच म्हणाली. त्यांच्या भाषेत पाणी.

तपासणीत ते पिण्याजोगं ठरलं, हातपंप बसला. नंतर जयंतीताईंचं हार्टचं ऑपरेशन झालं आणि पुन्हा जाणं राहूनच गेलं.

काही वर्षांनी, बर्फ पडत असताना, किचनमधला फोन वाजला. गावात मोबाइल पोचला होता.

"पंप बिघडला होता. आम्ही बायकांनीच दुरुस्त केला," थोको म्हणाली. "आता बोलू नका. ऐका."

बादलीत धार पडायला लागली. राजनराव कोण आहे म्हणून विचारत आले, तर ताईंनी त्यांना जवळ ओढलं. दोघांनी एकाच फोनला कान लावला. बादली भरली, दुसरी लागली, बायकांचा गलका झाला. मग लाइन तुटली.

"काय म्हणत होत्या गं त्या?"

"भांडत होत्या," जयंतीताई हसल्या. "आधी नंबर कुणाचा म्हणून."